तहातला खंजीर

भालू, हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय तिकडं वळायला लागला की मी चहाचा कप उचलायचो, नाहीतर पंखा वाढवायला उठायचो. तुझ्यासमोर लाज वाटते म्हणून टाळतोय, असं मी स्वतःला सांगत आलो. आता तू समोर नाहीस, तरी लाज तिथंच आहे.

परवा तुझ्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर माणसं तुझ्या आठवणी सांगत बसली. मानवतचे गंगाधरअप्पा भिंतीला टेकून होते. त्यांनी घसा साफ केला आणि आपल्या खेळातला तो किस्सा सांगितला, 'आमचा दगाबाज नावाडी'. सुभेदाराशी तहाची बोलणी चालू असताना तू कसा खंजीर काढलास, आणि त्यापायी कुसुमवहिनींची चंपा कशी मेली. सगळे हसले. वहिनीसुद्धा हसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मग पदरानं डोळे पुसले. मीही हसलो. तो किस्सा खोटा आहे हे तिथं एकट्या मला ठाऊक होतं. तो खोटा मीच केला होता.

मंजिरी तुझ्यावर घरातल्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढते आहे. "काका, बाबांचा जन्म, नोकरी, बदल्या, सगळं आमी लिवलंय. तुमी तुमचं लिवा," म्हणाली. माझं म्हणजे हेच आहे. वहिनी वाचतील, अप्पा वाचतील. वाचू देत.

ज्यांनी आपला खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तू तोवर पान लाव.

मंजिरी हैदराबादला नोकरीला लागली त्या दिवाळीत तिनं ते खोकं आणलं. आत नाना आकारांचे फासे आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. तुझी-माझी निवृत्ती नुकतीच झालेली. "दोघं दिवसभर राजकारणावर भांडायलात, त्यापेक्षा हे खेळा," ती म्हणाली. तू मराठीचा, मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून पुस्तक माझ्याकडं आलं आणि सूत्रधारही मीच झालो. सूत्रधारानं गोष्ट रचायची आणि शत्रू चालवायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते तोंडानं सांगायचं. लढाईत वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. आकडा मोठा पडला तर लागला, लहान पडला तर हुकला. प्रत्येक पात्राला ठरावीक जीव असतात, वार लागेल तसे ते कमी होतात, आणि संपले की पात्र मेलं. इतकाच खेळ. बाकी सगळं एकमेकांच्या शब्दावर.

पुस्तकातले बुटके आणि जादूगार आपण पहिल्याच रविवारी हाकलून दिले. मग आपली एक नदी आली, नदीवर घाट आला, आपण नोकरी केली त्या ताडकळसच्या बाजारासारखा बाजार आला आणि पलीकडच्या काठावर एक जुलमी सुभेदार आला. तू नावाडी झालास. "आयुष्यभर पोरं या काठावरून त्या काठाला नेली, दुसरं काय जमणार मला?" म्हणालास. अप्पांनी चोर व्हायचं ठरवलं, कारण अडतीवर मुनीम म्हणून सगळी हयात इमानदारीत गेली होती आणि आता त्यांना बदल पाहिजे होता. वहिनींना आपण विचारलं ते नुसतं तोंडदेखलं. त्या पोळपाट बाजूला सारून म्हणाल्या, "मी तिरंदाज. नाव चंपा. कुनाला स्वैपाक करून घालनार नाई, आधीच सांगते."

रविवारी दुपारी अप्पा एसटीनं यायचे. तुझ्या बैठकीच्या शहाबादी फरशीवर मी खडूनं घाट आखायचो. सैनिक म्हणून चिंचोके, सुभेदार म्हणून सुपारी. आणि माझ्यापुढं वहिनींच्या साडीच्या खोक्याचं झाकण उभं. पुस्तकात तसं सांगितलं होतं की सूत्रधारानं आपले फासे आडोशाला टाकावेत. झाकणामागं काय पडलं ते मला दिसायचं. तुम्हाला मी सांगेन ते.

तुला ते झाकण पहिल्या दिवसापासून आवडलं नाही.

आपला कधीच न संपलेला वाद तिथला. एकदा तुझ्या नावाड्याला मगरीनं धरलं. तुझा एकच जीव उरला होता. मी फासा टाकला, चांगला मोठा आकडा पडला. तुझं तोंड बघितलं आणि म्हणालो, "हुकला."

मी चष्मा पुसायला घेतला, तसं तू विचारलंस, "किती पडले?"

"म्हणलं ना, हुकला."

"माध्या, तू चष्मा पुसायला लागलास की खोटं बोलायलेला असतोस. नोकरीच्या पहिल्या वर्षापासनं बघायलोय मी."

वहिनी मधे पडल्या. "आवं, भावजींनी जीव वाचवला तुमचा, अन् तुमी त्यांनाच धरायलात?"

"फुकटचा जीव नको मला," तू म्हणालास. मग मला म्हणालास, "मला वाचवायचं असंल तर मगरीचं पोट भरलेलं ठेव की. गोष्ट तुझ्या हातात हाय. फासा नाही."

मी पुस्तकातला आधार काढला, सगळ्यांच्या आनंदासाठी सूत्रधारानं थोडंफार वाकवलं तर चालतं म्हणालो. तू म्हणालास, वाकवायचं तर आधी सांगून वाकव. मी म्हणालो, सांगितल्यावर मजा काय राहिली? तू म्हणालास, न सांगता विश्वास काय राहिला? चहा गार झाला, अप्पांची बस निघून गेली, आणि पुढचे कितीतरी दिवस विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरायला गेलो की आपलं हेच. दया म्हणून खोटं बोललं तर ते खोटं की नाही? तेव्हा मला वाटायचं मी उदार आहे आणि तू हट्टी. आज वाटतं, झाकणामागं खोटं बोलायची सवय माझ्या जिभेला त्या दयेनंच लावली.

तू हट्टी होतास हे मात्र खरं. शिक्षकांच्या कबड्डीत कुणाच्या लक्षातही आलेलं नसताना "लागला मला" म्हणत स्वतः बाहेर जाऊन बसायचास, आणि आपला संघ तुला शिव्या घालायचा. खेळात फासा सतरंजीच्या काठाला अडून तिरका राहिला की, तुझ्या फायद्याचा आकडा असला तरी, आधी तूच म्हणायचास, "तिरका हाय, धरायचा नाही."

आणि तो नियमही तुझाच. अप्पांना बोललेलं फिरवायची खोड होती. सापळ्याचं दार उघडलं, वरून दगड पडला, की अप्पा म्हणणार, "दार उघडलो कुठं? नुस्ता हात लावलो म्हणलो मी!" तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तू मांडीवर थाप मारलीस. "अप्पा, सुटलेला बाण भात्यात परत येत नसतो. इथून पुढं बोलला तो बाण." तो दिवस आणि पुढचे सगळे रविवार, बोलला तो बाण. पुस्तकात असा नियम नव्हता. पण पुस्तकातल्या सगळ्या नियमांपेक्षा आपण तो जास्त पाळला.

आता त्या रविवारचं.

सुभेदाराशी शेवटची लढाई होती. मी ती मनात कितीतरी दिवस घोळवली होती. कुठली तुकडी कुठून येणार, नावा कुठं पेटणार. सकाळपासून तुझ्या फरशीवर गुडघे टेकून घाट आखला. दीडशे तरी चिंचोके मांडले असतील. वहिनी म्हणाल्यासुद्धा, "भावजी, एवढं तर तुमी पोरीच्या लग्नाला राबला नव्हता."

आणि खेळ सुरू होतो न होतो तोच तू म्हणालास, "मी एकटा तहाला जातो."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. राग आला. कारण मला माहीत होतं, तू सुभेदारालासुद्धा बोलण्यात गुंडाळणार. तुझ्या सगळ्या लढाया अशाच संपायच्या, कुणीतरी कुणालातरी भाकरी खायला बोलवायचं. मुख्याध्यापकाच्या खोलीतली भांडणंही तू अशीच संपवायचास. मी सकाळभर गुडघे झिजवलेले, आणि आता तू ते सगळं गप्पांवर मिटवणार.

आपला तहाचा रिवाज ठरलेला होता. दोघांनी समोरासमोर यायचं, आपापलं हत्यार जमिनीवर ठेवायचं, मग बोलायचं. तहात कुणी हत्यार उपसलं तर तो दगा, आणि मग पहिला वार समोरच्यांचा.

तू मांडी सावरून बसलास. तुझ्या डोळ्यांत ती चमक होती, पोरांना धडा सांगताना यायची तीच.

"सुभेदाराच्या समोर उभा हाय मी. त्याच्याकडं बघायलो. अन् कमरेचा खंजीर काढायलो—"

"काढलास!" मी ओरडलो.

"अरे थांब, ठेवाय—"

"बोलला तो बाण!"

मग अप्पा खदखदून हसायला लागले. "अर्रर्र! गुरुजी, तहात दगा? अन् तेबी तुमी? चोर मी हाय का तुमी हाव?"

"आवं, काय केलंत हे!" वहिनी म्हणाल्या. त्यांची चंपा नावेत उघड्यावर उभी होती, एकच जीव उरलेली.

आपल्या बोलीचा घोळ होता तो, भालू. आपण चपला काढतो, अंगरखा काढतो, आणि तलवारही काढतो. कमरेला खोचलेला खंजीर माणूस मारायला काढतो तसाच ठेवायलाही काढतो. आणि तू 'काढला' म्हणालाच नव्हतास. 'काढायलो' म्हणाला होतास. परभणीतलं शेंबडं पोरही सांगेल की काढायलो म्हणजे अजून झालेलं नाही, वाक्य पुढं आहे. पुण्याचा माणूस असता तर त्याची चूक पोटात घालता आली असती. मी जन्मानं इथला. तुझ्यासोबत ताडकळसच्या शाळेत, एका खोलीत, एका स्टोव्हवर दिवस काढलेले. मला कळलं नाही असं कसं होईल?

आणि मला नुसतं कळलं नव्हतं, दिसलंही होतं. बोलता बोलता तू खिशातलं पेन काढलं होतंस आणि तुझा हात खाली, फरशीकडं चालला होता. सुपारीकडं नाही. पेन आडवं धरलं होतंस, जमिनीवर ठेवायची वस्तू धरावी तसं. वहिनी आणि अप्पा चिंचोक्यांकडं बघत होते. तुझ्या समोर मीच होतो, आणि झाकण माझ्या छातीपर्यंतच येत होतं.

तू वाद घातला नाहीस. तू मला साक्षीला बोलावलंस. "माध्या, तू समोर हायस. तूच सांग. मी ठेवायलो होतो का नाही?"

मी म्हणालो, "मी झाकणामागं होतो. मला शब्द तेवढा ऐकू आला."

एवढं बोलून मी फासा टाकला. सुभेदाराच्या तिरंदाजाचा वार, चंपावर. तीन पडले. लहान पोराच्या गोफणीचा दगडसुद्धा तिनावर लागला नसता. मी म्हणालो, "सतरा. लागला. चंपा गेली." आणि मग मी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी तुझं लक्ष माझ्याकडं नव्हतं. तू वहिनींकडं बघत होतास.

लढाई झाली. मला हवी होती तशीच झाली, नावा पेटल्या, अप्पांनी सुभेदाराचा खजिना लुटला. तुझ्या नावाड्यानं शेवटपर्यंत हत्यार उचललं नाही. पाळी आली की तू म्हणायचास, "जखमी माणूस नावेत घातला." पुढच्या पाळीला आणखी एक. लढाई कशी झाली ते कुणालाच आठवत नाही, मलाही नीट आठवत नाही. आठवतो तो दगाबाज नावाडी.

ते नाव चिकटलं. अप्पा एसटीतून उतरताच रस्त्यावरून हाक मारायचे, "दगाबाज हायेत का घरी?" वहिनी दुसरं पात्र घेऊन खेळायला लागल्या, पण भाजीत मीठ जास्त पडल्याची तक्रार केलीस की म्हणायच्या, "माझ्या चंपाचा जीव घेतलात, आता माझा घ्या." तू हसायचास. सगळ्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचास. म्हणून कुणाला वाटलं नाही की तुला लागलंय.

मला मात्र ते तुझ्या बोलण्यावरून कळलं. तू मराठीचा मास्तर, पण वर्गातही आपल्या गावची, पेडगावचीच बोली बोलणारा. तपासणीला आलेल्या साहेबांनी हटकलं तेव्हा तू म्हणाला होतास, "साहेब, आधी पोरांना कळू द्या, शुद्ध नंतर होतील." तो तू, त्या रविवारनंतर खेळायला बसलास की पुस्तकातल्यासारखं बोलायला लागलास. "मी दोर सोडला आहे. मी नाव काठाला लावली आहे. माझ्या हातात काहीही नाही." अप्पा म्हणाले, "गुरुजी बातम्या वाचायलेत जनू." तू म्हणालास, "घोळ नको पुन्हा." चहा आला की परत आपल्या बोलीत यायचास. फासा हातात घेतला की परत ते शुद्ध. मी तुझी बोली तुझ्याच घरात, तुझ्याच फरशीवर बंद पाडली.

आणि पुढच्या रविवारी मी काय केलं? साडीच्या खोक्याचं झाकण फेकून दिलं. आता सगळे फासे उघड्यावर, म्हणालो. तू इतका खूश झालास. "बघा, माध्यानं माझं ऐकलं! हट्टी हाय, पण माणूस इमानी." मी ते ऐकून घेतलं. ज्याचा शब्द मी खोटा पाडला त्याच्याच तोंडून मी इमानी ठरलो.

तेव्हा बोललो असतो तर दोन शिव्या आणि एक कप चहा एवढ्यावर भागलं असतं. पण वाटलं, खेळातली एवढीशी गोष्ट, कशाला उकरायची? मग दिवस गेले, आणि ती एवढीशी राहिली नाही. दरवेळी वाटायचं, आता सांगितलं तर विचारशील की इतके दिवस का नाही सांगितलं.

एकदा फिरताना तू मधेच थांबलास. बोरीच्या झाडाखाली, आठवतं? म्हणालास, "कधी कधी वाटतं रे, त्या दिवशी मीच मारायला काढला असंल खंजीर. मनात एखाद्या वक्ताला आलं असंल की घालावा एकदाचा. तू समोर होतास. तुला मी ठेवताना दिसलो असतो तर तू बोलल्याशिवाय राहिला नसतास."

मी म्हणालो, "जाऊ दे ना. खेळ होता."

"खेळच ना. म्हणून तर म्हणायलो. खेळात खोटं बोलून कुणाला काय मिळणार?"

तू स्वतःबद्दल बोलत होतास. मला वाटलं मला विचारतोयस. मी बोरं वेचायला वाकलो.

हे मला सगळ्यात जड जातं, भालू. लोकांनी तुला दगाबाज म्हटलं ते प्रेमानं म्हटलं, त्याचं एवढं नाही. पण तू स्वतःच स्वतःवर शंका घ्यायला लागलास, का, तर माझा शब्द खोटा असू शकतो हे तुझ्या मनात आलं नाही. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तू माझ्या जिभेवर जास्त भरवसा ठेवलास. असा मित्र मला मिळाला होता. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या घरातही कुणी टाकला नाही, आणि त्यासाठी मी तुझा ऋणी आहे, तसाच त्या भरवशापुढं मी उघडा पडलो आहे.

आपला जुना वाद तू जिंकलास, हेही लिहून ठेवतो. सूत्रधारानं गोष्ट वाकवावी, फासा वाकवू नये. मला लढाई पाहिजे होती तर मी म्हणायला हवं होतं, "भालू, सुभेदार तह मानत नाही, तो उलटतो." तो माझा हक्क होता. दगा माझ्या सुपारीनं करायचा होता. मी तो तुझ्या माथी मारला.

वहिनी, तुमची चंपा भालूच्या हातून गेली नाही. फासा तीनचा होता. अप्पा, पुन्हा किस्सा सांगाल तेव्हा सूत्रधाराचा सांगा. सांगताना माझं नाव घ्या, आणि हसायचं तर खुशाल हसा.

तुझ्या आजारात शेवटचा आलो होतो तो दुपारचा. रिक्षात बसल्यापासून वाक्य जुळवत होतो. तू पलंगावर उशीला टेकून होतास, आवाज खोल गेलेला. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "बोल. काहीतरी बोलायचंय तुला."

मी म्हणालो, "मोसंबी आणलीय."

"मग सोल की," तू म्हणालास.

मी सोलली. एकेक फोड तुझ्या हातात देत गेलो. तू दोन खाल्ल्यास, तिसरी नको म्हणालास, आणि डोळे मिटलेस. मी वहिनींचा चहा घेतला आणि घरी आलो.

त्या दुपारी मला एवढंच बोलायचं होतं: तू खंजीर खाली ठेवत होतास, भालू. मी तुझा हात बघितला होता. मला माफ कर.